सुनंदा नावाचं कोणीच नव्हतं

निवृत्त शिक्षकांच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी कोणीतरी पुढे पाठवलेला निरोप आला : 'कै. सौ. सुनंदा विश्वासराव माने, माधवनगर, यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. पहिल्या नावापुढचं नीट न वाचताच मीही त्या रांगेत हात जोडले आणि चहा गाळायला उठलो. सुनंदा नावाच्या कोणी मला आठवत नव्हत्या. असतील कोणाच्या तरी नात्यातल्या, असं वाटलं.

चहा अर्धा झाला होता, तेवढ्यात आमच्या शाळेतल्या जुन्या शिपायाचा, बाळूचा फोन आला.

"सर, आपल्या सुभेदारबाई गेल्या की वो."

"कधी? गटावर तर काही नाही."

"हाय की. सुनंदा म्हंजे त्याच."

मी कप खाली ठेवला. मी शाळेचा ग्रंथपाल; ज्या बाईबरोबर एकाच शिक्षकखोलीत अर्धं आयुष्य काढलं, तिला मी एका अनोळखी बाईसाठी राखून ठेवलेली श्रद्धांजली वाहिली होती. दुःख व्हायच्या आधी मला बाईंचं हसू ऐकू आलं. त्या नक्की म्हणाल्या असत्या, "बघा ग्रंथपाल, मेले मी आन् पुण्य त्या सुनंदेच्या खात्यावर."

बाईंचं नाव खरोखरच सुभेदार होतं. हुद्दा नव्हे, आडनाव नव्हे, लाडाचं नाव नव्हे, पाळण्यातलं नाव. सातारा जिल्ह्यातलं त्यांचं गाव फौजी लोकांचं. प्रत्येक घरातला एकजण तरी पलटणीत. तिथं एक रीत पडून गेली होती. बाप ज्या हुद्द्यावर निवृत्त होणार, त्याच्या वरचा हुद्दा पोराच्या नावात घालायचा. नाईकाच्या घरी हवालदार जन्माला यायचा, हवालदाराच्या घरी सुभेदार. काहींना धीर निघाला नाही, त्यांनी मधल्या पायऱ्या गाळल्या. "आमच्या गावात कॅप्टन पिठाची गिरन चालवतो," बाई सांगायच्या, "आन् जनरल म्हशी राखतो. जनरलला त्याची आई दारात उभी ऱ्हाऊन शिव्या घालती तवा लय बरं वाटतं बघा."

बाईंचे वडील हवालदार. मूल व्हायच्या आधीच त्यांनी सीमेवरून घरी कळवून टाकलं होतं की नाव सुभेदार ठेवा. मुलगी झाली. घरच्यांनी विचारलं, आता काय करायचं? उत्तर आलं, ऑर्डर निघाली, आता बदल नाही.

"आजीनं लय डोकं आपटलं," बाई म्हणायच्या. "म्हनली, पोरीची जात, हिला कोन करून घेनार? वडील म्हनले, जो सलाम ठोकंल तो."

आमच्या सांगलीच्या शाळेत त्या गणित शिकवायला आल्या तो दिवस मी पाहिलेला आहे. संस्थेकडून मुख्याध्यापकांना फक्त निरोप आला होता की सोमवारी सुभेदार जगदाळे रुजू होतील. मुख्याध्यापक शिस्तीचे भोक्ते. त्यांना वाटलं, संस्थेनं अखेर कवायतीसाठी निवृत्त फौजी धाडला. त्यांनी पटांगणावर नवा चुना मारून घेतला, बाळूला टोपी घालायला लावली, आणि स्वतः मिशांना कंगवा फिरवून व्हरांड्यात उभे राहिले. दोन वेण्या घातलेली, बारकीशी, छत्री काखेत धरलेली एक मुलगी पायऱ्या चढून आली.

"सुभेदार आलेत का हो तुमच्याबरोबर?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"आलेत की."

"कुठं आहेत?"

"तुमच्याफुडं उभे हायेत. सावलीत घेता का?"

मुख्याध्यापकांना सावरायला बराच वेळ लागला. त्यांनी बाईंना बाजूला घेऊन समजावलं की मुलं चेष्टा करतील, आपण हजेरीपटावर जगदाळेबाई एवढंच लिहू. बाईंनी ऐकून घेतलं. मग आठवीच्या वर्गात जाऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात आपलं नाव लिहिलं आणि म्हणाल्या, "हे माझं नाव. आज तास संपेपर्यंत काय हसायचं ते हसून घ्या. उद्यापासून गणित." मुलं हसली नाहीत. परवानगी मिळालेल्या गोष्टीत मुलांना गोडी नसते, हे बाईंना पहिल्याच दिवशी ठाऊक होतं.

वर्गात त्या शुद्ध, कोरी भाषा बोलत. शिक्षकखोलीत पाऊल ठेवलं की गाव अंगात यायचं. त्यांचा डबा, त्यांचं भडंग आणि त्यांची नावं, या तीन गोष्टींवर आमची मधली सुट्टी चालायची. नावं म्हणजे इतरांची. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, एस्टीत शेजारी बसलेली माणसं, दवाखान्यातले पुकारे, सगळीकडून त्या नावं वेचून आणत. कडेगावच्या बाजूला त्यांना अर्ज आणि विनंती अशी जुळी भावंडं भेटली होती. बाप कचेरीत कारकून. एका घरी चौथ्या मुलीचं नाव समाप्ती ठेवलं होतं. त्यानंतर पाचवी झाली. तिचं नाव पुरवणी. "बाप मास्तर असनार, मी बघितल्याबरोबर वळिखलं," बाई म्हणाल्या. मतदानाच्या दिवशी जन्मलेला इलेक्शन नावाचा एक पैलवान होता, तो दर कुस्तीत पडायचा. मलकापुरात रविवार नावाच्या न्हाव्याचं दुकान सोमवारी बंद असायचं, याचा बाईंना कोण आनंद.

पण त्यांचा एक नियम होता. नावाला माणसासमोर हसायचं नाही, विचारायचं, "कुनी ठेवलं?" एवढं विचारलं की माणूस खुलायचा. आजोबांनी, आत्यानं, नर्सबाईनं, असं म्हणत सगळी गोष्ट सांगायचा. बाई म्हणत, "नावामागं एक मानूस असतं. त्या दिवशी लय खूश असलेलं, नायतर लय वैतागलेलं. ते सापडलं की झालं."

वैतागलेलं माणूस सापडलं की मात्र त्या गप्प होत. आमच्याकडे सातवीत एक मुलगी आली, नकुशी. मुलगा हवा असताना मुलगी झाली की आमच्या भागात हे नाव ठेवत. बाईंनी हजेरी घेताना ते नाव एकदाही उच्चारलं नाही. तिला नुसतं 'पाटीलबाई' म्हणत. चार दिवसांत वर्गातल्या सगळ्या मुलींना आपणही कोणीतरी बाई आहोत असं वाटायला लागलं. पुढे नाव बदलायचं ठरलं तेव्हा बाईंनी तिलाच विचारलं, काय ठेवायचं? मुलगी म्हणाली, "मला सुभेदार ठिवा."

हे मला बाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, "मी फळ्याकडं वळले आन् उगाच एक गनित लिवलं. मग म्हनले, ते माझं हाय गं. तू तुझं हुडक." मुलीनं ऐश्वर्या निवडलं. त्या वर्षी त्याच वर्गात आधीच्या तीन ऐश्वर्या होत्या. मी तसं म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "असू द्यात. गर्दीत शिरायची तिची हौस हाय, आपली न्हाई."

गर्दी म्हटलं की त्यांना माझं नाव आठवायचं. माझं नाव सुरेश. या नावावर बाईंचा विशेष राग. "तुमचं नाव म्हंजे सरकारी भिंतीचा पिवळा रंग," त्या म्हणत. "कुटंबी लावा, दिसत न्हाई." एकदा उत्तरपत्रिका तपासायच्या कामासाठी आम्ही साताऱ्याला जात होतो. गाडी उंब्रजच्या पुढे गेली होती. कंडक्टर ओरडला, "अतीतवाले कोन हायेत?" आणि दाराकडं लगबग सुरू झाली. बाई खिडकीशी होत्या, मी बराच मागे. त्या उभ्या राहिल्या आणि हाळी दिली, "ओ सुरेश!"

निम्मी गाडी वळली, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. पण मी वळलो, एक पेन्शनर वळले, उसाच्या कांड्यांचं गाठोडं घेतलेला एक तरुण वळला, आणि कंडक्टर म्हणाला, "काय वो बाई?" बाई शांतपणे म्हणाल्या, "काय न्हाई. मोजत हुते." मग मला म्हणाल्या, "आता तुमी सुभेदार म्हनून हाक मारा. मी एकटीच वळंन."

मी मारली नाही. मला भर गाडीत मोठ्यानं बोलता येत नाही.

लग्नाची गोष्ट त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथं हजर होतो असं मला वाटतं. सलाम ठोकणारा मिळाला तो विश्वासराव माने. माधवनगरच्या गिरणीत नोकरीला, मऊ बोलण्याचा माणूस. सासूबाई मऊ नव्हत्या. आपल्याकडे लग्नानंतर नव्या नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यात अंगठीनं नवं नाव लिहायचं. सासूबाईंनी फर्मावलं, सुनंदा. विश्वासरावांनी मान खाली घालून सुनंदा लिहिलं. पेढे वाटले. पाव्हण्या बायका ताट बघून गेल्या, नाव छान म्हणाल्या. सुनेनं तोंडातून शब्द काढला नाही, त्यामुळे सासूबाईंना जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुनेनं पहिला स्वयंपाक केला. मसालेभात. पंगत उठली, सगळे भाताची तारीफ करायला लागले, तेव्हा तिनं पदर सावरत विचारलं, "कालची सुनंदा बरी शिजली हुती न्हवं? का जरा मऊ झाली?"

ताटातले तांदूळ तिनं भातात घातले होते. सगळ्या घरानं सुनंदा खाऊन टाकली होती. सासूबाईंनी तर दोनदा वाढून घेतली होती.

सासूबाईंनी पुढं बरीच वर्षं सुनेला 'अगं ए' यापलीकडं हाक मारली नाही. मग एकदा दारावरचा भाजीवाला वजनात मारायला लागला, तेव्हा म्हातारी कडाडली, "थांब, आमच्या सुभेदाराला बोलावते!" भाजीवाल्यानं गुपचूप तीन वांगी जास्त टाकली. त्या दिवसापासून म्हातारीनं ते नाव सोडलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमच्या घरात सुभेदार हाय.

सुनंदा उरली ती फक्त रेशनकार्डावर. आणि तिथून ती बाईंच्या मुलाला सापडली.

मुलाचं नाव अमोल. ते बाईंनीच ठेवलेलं. मला नवल वाटलं होतं; मी विचारलं, तुमच्यासारख्या बाईनं इतकं साधं नाव? बाई भडंगातले शेंगदाणे वेचत म्हणाल्या, "मी रोज सकाळी उठून सुभेदार असती, ग्रंथपाल. सोपं नसतं ते. पोराला गर्दीत लपायची सोय असू द्या." त्यांच्या नावाचा त्यांनाही कधी भार होत असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तेवढं बोलून त्यांनी डबा बंद केला.

अमोलला ती सोय फार आवडली. तो दुसऱ्या, मोठ्या शाळेत होता. पाचवीत पोरांनी त्याला 'सुभेदाराचा शिपाई' म्हणून चिडवलं. पुढच्या वर्षी शाळेनं आईचं नाव विचारलं तेव्हा त्यानं रेशनकार्ड बघून सुनंदा सांगितलं. बाईंना ते पालकसभेच्या बोलावण्यावरून कळलं. त्या रागावल्या नाहीत. त्याचा शर्ट इस्त्री करत म्हणाल्या, "बरं झालं. शनिवारी सुनंदा येईल तुझ्या शाळेत."

शनिवारी कोणीच गेलं नाही. अमोल फाटकापाशी वाट बघत उभा राहिला. सगळ्यांच्या आया आल्या, गेल्या. घरी येऊन तो रडला, "तू का नाही आलीस?"

"मी कशी येनार? बोलावनं सुनंदेला हुतं. आली न्हाई व्हय ती? लय वाईट बाई दिसतीय."

ही गोष्ट सांगताना बाई हसत असत, आणि आम्हीही. पण त्यानंतर मायलेकांत तो विषय निघाला नाही. अमोल शिकला, पुण्यात मोठ्या नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं. पत्रिकेत आईचं नाव 'सौ. व श्री. विश्वासराव माने' या ओळीत गुंडाळून टाकलेलं होतं. ती पत्रिका बाईंनी माझ्या हातात दिली तेव्हा मी नाव शोधतो आहे हे त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, "हुडकू नका. रजेवर हाय." निवृत्त झाल्यावर एकदाच त्या माझ्याशी सरळ बोलल्या : "त्यानं एकदा चारचौघांत माझं नाव घ्यावं, एवढंच वाटतं बघा. हसत घेतलं तरी चालंल." आणि लगेच, मी काही बोलायच्या आत, वाईकडच्या एका लग्नात भेटलेल्या डिपार्टमेंट नावाच्या आचाऱ्याची गोष्ट काढली.

दहाव्याला मी बाळूला घेऊन घाटावर गेलो. कृष्णेचं पाणी संथ होतं. भटजींनी विधी करताना नाव विचारलं. अमोल म्हणाला, "सुनंदा." विश्वासराव पायरीवर बसून होते, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

पिंड मांडला. शेजारी पानावर भात, वरण, आणि बाईंना आवडायचं म्हणून भडंग. मग सगळे मागे सरून कावळ्याची वाट बघायला लागले. कावळे होते. समोरच्या झाडावर ओळीनं बसले होते, पिंडाकडे बघत होते, आणि एकही खाली उतरत नव्हता. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून त्याला वचन द्यायचं, मग कावळा शिवतो, असं आपल्याकडे मानतात. तसं एकेकानं सुरू केलं. बाईंची बहीण म्हणाली, गावाकडच्या घराला आम्ही कुलूप लावणार नाही. अमोल म्हणाला, बाबांना मी पुण्याला नेतो, काळजी करू नकोस. झाडावर हालचाल नाही. ऊन चढलं. शेजारच्या दोन पिंडांना कावळे शिवून गेले, ती माणसं चपला घालायला लागली. भटजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. चालतं तसं."

"थांबा," विश्वासराव म्हणाले. मी त्यांचा आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता. "अमोल, आईला नावानं हाक मार."

"बाबा, मघाशी घेतलं ना नाव."

"ते तांदळातलं. ते आपन खाऊन बसलोय. सुनंदेला ती कवा ओ देत हुती?"

भटजींनी विचारलं, "मग नाव काय?"

अमोलनं आजूबाजूला पाहिलं. पुण्याहून आलेले त्याचे दोन मित्र होते, साहेब होते, बायकोकडची मंडळी होती. तो हळूच काहीतरी बोलला.

"फाटकापाशी लय वाट बघितलीस न्हवं?" विश्वासराव म्हणाले. "ती बी तशीच बसलीय. मोठ्यानं मार."

अमोल पिंडापुढं दोन पावलं गेला. पोराच्या आवाजात, पोर रडताना फाटतो तशा आवाजात ओरडला, "सुभेदार! ए आई! सुभेदार!"

घाटावरच्या सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. पण आपल्याला हाक आली म्हणून कोणी वळलं नाही. एकही माणूस नाही. मी बघत होतो.

बाळू पुटपुटला, "आला, आला." एक कावळा झाडावरून सुटला, पानाशेजारी उतरला, मान तिरकी करून त्यानं अमोलला एकदा नीट न्याहाळलं. भाताकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. पिंडावरून टुणकन उडी मारून तो भडंगापाशी गेला, एक शेंगदाणा उचलला आणि नदीवरून निघून गेला. "शिवला, शिवला," भटजी म्हणाले. मला अशा गोष्टी खऱ्या वाटत नाहीत. कावळ्याला शेंगदाणा आवडला असेल. पण अमोल पायरीवर बसून हसत होता आणि रडत होता, आणि मित्रांना सांगत होता, "आईचं नाव. खरंच हेच नाव होतं. आजोबा हवालदार होते ना, म्हणून."

मागाहून आईच्या फोनवरून गटावर त्यानं नवा निरोप टाकला, बदललेल्या नावाचा. काहींनी पुन्हा हात जोडले. मी या वेळी जोडले नाहीत. नाव नुसतं वाचत राहिलो.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते सांगलीच्या स्टँडवर, त्यांच्या आजाराच्या आधी. त्या माहेरी निघाल्या होत्या, जनरलच्या नातवाच्या बारशाला. मी त्यांना गाडीत बसवून, पाण्याची बाटली देऊन खाली उतरलो आणि गर्दीतून चालायला लागलो. गाडी मागे घेत होते. तेवढ्यात खिडकीतून ओळखीची हाळी आली, "ओ सुरेश!"

मी वळलो. माझ्याबरोबर आणखी काहीजण वळले. त्यातल्या एका अनोळखी सुरेशनं तर हातही वर केला. बाईंनी खिडकीतून पदर तोंडावर धरला होता आणि खांदे हलत होते. गाडी फाटकाकडे वळली तेव्हा त्यांनी हात बाहेर काढला, आणि त्याला आणि मला, दोघांनाही, सारखाच हलवला.